सप्लिमेंट घेतलं की मळमळतं? गोळी बंद करायच्या आधी घड्याळ बघा

आयर्न, झिंक, मल्टिव्हिटॅमिन, डी३, ओमेगा, व्हे प्रोटीन, यातलं काहीतरी नव्याने सुरू केलंय आणि घेतलं की पोटात ढवळतं, तोंडात पाणी जमतं, उमासे येतात, तर हे तुमच्यासाठी. मी डॉक्टर नाही. हिमोग्लोबिन कमी निघालं तेव्हापासून माझं आयर्न चालू आहे, आईच्या थायरॉइड आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचा डबा मीच भरते, आणि भाचा जिमला जायला लागल्यापासून घरात त्याच्या पावडरचा ड्रमपण आलाय, त्यामुळे या मळमळ प्रकरणात डॉक्टरांना, केमिस्टला विचारून विचारून बरंच कळलं ते एका जागी लिहितेय.

बहुतेक लोक दोनातलं एक करतात. एकतर "मला ही गोळी सूट होत नाही" म्हणून दोन दिवसांत बंद, नाहीतर वर पित्ताची गोळी टाकून रेटत राहणार. दोन्हीत मळमळ का होतेय ते कळतच नाही, आणि ते शोधायला घरातलं घड्याळ पुरतं बरं का.

आधी एवढं जमवा

- जे जे घेताय त्या सगळ्याचे डबे आणि स्ट्रिप (सगळं म्हणजे सगळं, पाण्यात फसफसणारी गोळी, गमी, काढ्याची पावडरसुद्धा)
- डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर ती
- जुने रिपोर्ट असतील तर: सीबीसी, फेरिटिन, बी१२, डी३, कॅल्शियम, क्रिएटिनिन, लिव्हरचा एसजीपीटी
- बाकी चालू औषधांची यादी, खास करून थायरॉइड, शुगर, अँटिबायोटिक
- एक वही किंवा मोबाइलमधले नोट्स

स्ट्रिपचा फोटो काढून ठेवा आणि कात्रीने कापताना नाव आणि एक्सपायरीची बाजू शेवटपर्यंत राहील असं बघा, आमच्याकडे नेमकी तीच बाजू आधी संपते.

१. गोळी किती वाजता घेतली, मळमळ किती वाजता सुरू झाली

चार-पाच दिवस फक्त एवढंच लिहा. गोळीची वेळ, त्याआधी काय खाल्लं, त्रास कधी सुरू झाला, कधी थांबला.

गोळी घेतल्यापासून साधारण अर्ध्या-एक तासात ढवळायला लागलं आणि नंतर आपोआप शांत झालं तर बहुतेक वेळा पोटाच्या आतल्या अस्तराला गोळीतले क्षार झोंबतायत. आयर्न, झिंक, व्हिटॅमिन सी ही मंडळी यात पुढे. पोट रिकामं असेल तर गोळी एका जागी विरघळते, तिथे एकदम कडक द्रावण तयार होतं, अस्तर चिडतं आणि पोटाकडून मेंदूकडे जाणारी नस थेट उलटीच्या केंद्राला निरोप देते. म्हणजे तुमचं पोट नाजूक आहे असं नाही. झिंक सल्फेट तर पूर्वी मुद्दाम उलटी काढायला द्यायचे.

दीड-दोन तासांनी गुडगुड, गॅस, जुलाब आणि सोबत मळमळ असेल तर ते आतड्याचं काम. मॅग्नेशियम, सीचा मोठा डोस, दुधातली साखर, शुगर-फ्री गमीमधले सॉर्बिटॉल-माल्टिटॉल.

आणि गोळीच्या वेळेशी काही संबंधच नाही, दिवसभर मळमळ, भूक गेलेली, दिवसेंदिवस वाढतंय, तर हा प्रकार वेगळा आहे. सरळ खाली ७ आणि ८ वाचा.

२. डब्याची मागची बाजू वाचा

पुढच्या बाजूला पळणारा माणूस आणि संत्र्याची फोड असते, कामाचं सगळं मागे बारीक अक्षरात. दोन गोष्टी शोधायच्या.

पहिली, एलिमेंटल किती, म्हणजे क्षारातलं खरं लोह किंवा झिंक किती. आयर्नच्या गोळीवर 'फेरस फ्युमरेट' अमुक मिलिग्रॅम लिहिलेलं असतं पण त्यात खरं लोह साधारण एक तृतीयांशच असतं, म्हणजे २०० मिलिग्रॅम फ्युमरेटमध्ये ६५ च्या आसपास. ग्लुकोनेटमध्ये तर जेमतेम १२ टक्के. झिंकचंही तसंच, क्षाराचं वजन वेगळं आणि झिंक वेगळं. दोन कंपन्यांच्या गोळ्यांची तुलना करायची तर एलिमेंटल आकडाच बघायचा, नाहीतर मोठा आकडा म्हणजे जास्त पॉवर असं समजून आपण फसतो (आणि केमिस्टकडे गर्दी असेल तर तो समजावत बसणार नाही).

दुसरी, एकच गोष्ट किती डब्यांत आहे. हा सापळा खरोखर मोठा आहे. मल्टिव्हिटॅमिनमध्ये झिंक, फसफसणाऱ्या गोळीत सी आणि झिंक, केसांच्या गमीत परत झिंक, कॅल्शियमच्या गोळीत डी३, वर आठवड्याची डी३ वेगळी. कोविडनंतर घराघरात 'इम्युनिटी'चा डबा आला तो अजून गेलेला नाही. आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्याप्रमाणे झिंकची रोजची गरज पुरुषाला १७ आणि बाईला १३.२ मिलिग्रॅम, आणि त्यातला बराचसा वाटा जेवणातून येतोच. जेवण धरून वरची मर्यादा ४० ची. पन्नासची एक गोळी रिकाम्या पोटी घेतली तर मळमळणारच, आणि महिनोन् महिने घेत राहिलं तर शरीरातलं तांबं कमी होतं ते वेगळंच.

वहीत उभे रकाने पाडा: आयर्न, झिंक, सी, डी, ए, मॅग्नेशियम. प्रत्येक डब्यातला आकडा टाका आणि बेरीज करा. बऱ्याच जणांचं उत्तर इथेच मिळतं.

डब्यावर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याचा) १४ आकडी लायसन्स नंबर आहे का तेही बघून घ्या, त्यांच्या फॉसकॉस साइटवर टाकला की कंपनी दिसते. नंबर नाही, बॅच नाही, ट्रेनरच्या बॅगेतून आलाय, तर ती वस्तू पोटात टाकायचीच कशाला.

३. रिकामं पोट, चहा आणि आपली सकाळ

मुंबईकराची सकाळ कशी असते ते वेगळं सांगायला नको. साडेपाच-सहाला उठणार, चहा-बिस्किट, बुटात पाय घालता घालता दोन गोळ्या तोंडात, अर्धा घोट पाणी आणि स्टेशन. ठाण्याला स्लो पकडली, मुलुंड-भांडुपपर्यंत सगळं ठीक, आणि विक्रोळी-घाटकोपर आलं की घशाशी यायला लागतं. गर्दी, उकाडा, गाडीचे हेलकावे, कोणाच्या तरी डब्यातल्या सुक्याचा वास, आणि वरून पोटात चहावर तरंगणारं आयर्न. लोक म्हणतात ट्रेनमुळे होतं. रविवारी घरी असताना तीच गोळी तशीच घेऊन बघा, लगेच कळेल ट्रेन की गोळी.

चहा-बिस्किट हे खाणं धरू नका. पोहे, उपमा, चपाती-भाजी, निदान दोन घावन असं काहीतरी पोटात जाऊ दे आणि मग गोळी. नाहीतर सकाळचा हट्टच सोडा, दुपारी डबा खाल्ल्यावर किंवा रात्री जेवल्यावर घ्या. रात्री घेतलीत तर लगेच आडवं व्हायचं नाही, अर्धा तास तरी बसायचं किंवा शतपावली, कारण गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथेच झोंबते, छातीत जळजळतं. पाणी पूर्ण ग्लासभर. पाणी न पिता गोळी गिळण्याची कला ज्यांना अवगत आहे त्यांना हात जोडते, पण हे शौर्य आयर्नबरोबर नको.

उपवासाचं बघा. संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र, दिवसभर चहा आणि केळं आणि वर नेहमीच्या वेळेला नेहमीची गोळी. त्या दिवशी आयर्न-झिंक उपवास सोडल्यावर घेतलं तरी चालतं, एवढ्याने काही बिघडत नाही. (शुगर-बीपी-थायरॉइडच्या गोळ्यांना हे लागू नाही हां, त्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच.)

४. आयर्न

याला वेगळा नंबर द्यावा लागतोच. सगळ्यात जास्त तक्रारी याच्याच, आणि सगळ्यात जास्त अर्धवट सोडलं जातं तेही हेच.

पंचाईत अशी की आयर्न रिकाम्या पोटी चांगलं शोषलं जातं आणि रिकाम्या पोटीच सगळ्यात जास्त मळमळवतं. चिठ्ठीवर 'उपाशीपोटी' लिहिलेलं असतं म्हणून बायका कळ काढतात, चौथ्या दिवशी स्ट्रिप कपाटात. थोडं खाऊन घेतलं तर शोषण कमी होतं हे खरं, पण कपाटातल्या गोळीचं शोषण शून्य असतं. मला डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, जमत नसेल तर खाऊन घ्या पण घ्या. फक्त त्या खाण्यात दूध, दही, पनीर नको, आणि चहा-कॉफी आधी एक तास आणि नंतर एक-दोन तास नको. चहातलं टॅनिन आयर्नला धरून बसतं. लिंबू पिळलेलं चालतं, उलट सी असलं की शोषण वाढतं. मी दुपारी भाजी-चपातीनंतर घेते आणि ऑफिसमधला तीनचा कटिंग चारवर ढकललाय. सुरुवातीला जड गेलं, आता नाही.

त्याने भागलं नाही तर डॉक्टरांना हे विचारा:

एक, एक दिवसाआड चालेल का. आयर्न घेतलं की शरीरात हेपसिडिन नावाचं हॉर्मोन वाढतं आणि ते साधारण दिवसभर पुढच्या आयर्नला दार उघडत नाही, त्यामुळे एक दिवसाआड घेतलं तर प्रत्येक गोळीतलं जास्त टक्के अंगी लागतं आणि मळमळही कमी. हल्ली बरेच डॉक्टर असंच देतात. पण गरोदरपणात किंवा हिमोग्लोबिन फारच खाली असेल तर स्वतःच्या मनाने नाही.

दोन, एलिमेंटल डोस कमी करता येईल का किंवा क्षार बदलता येईल का. फेरस अॅस्कॉर्बेट, बिसग्लायसिनेट काहींना सोसतं. 'स्लो रिलीज' किंवा आवरणवाल्या गोळ्यांनी मळमळ कमी होते पण त्या पोटाच्या पुढे जाऊन विरघळतात, जिथे आयर्न कमी शोषलं जातं, म्हणजे त्रास गेला आणि कामही गेलं असं होऊ शकतं.

तीन, सगळं करून नाहीच जमलं तर इंजेक्शनचा मार्ग असतो, ते ठरवणं त्यांचं काम.

आयर्नबरोबर पित्ताची गोळी हा आपला लाडका उपाय, आणि तोच नडतो. आयर्न शोषायला पोटातलं अॅसिड लागतं, ते तुम्ही मारून टाकलंत तर तीन महिन्यांनी सीबीसीतलं हिमोग्लोबिन होतं तिथेच.

गरोदर असाल तर: पहिल्या तिमाहीत तशीच मळमळ असते, म्हणून सरकारी कार्यक्रमात तेव्हा फक्त फॉलिक अॅसिड देतात आणि आयर्नची लाल गोळी, ६० मिलिग्रॅमची, चौथ्या महिन्यापासून १८० दिवस. शाळेतल्या मुलींना आठवड्यातून एकदा निळी मिळते. लेक शाळेतून येऊन म्हणाली की गोळीने मळमळलं, तर आधी विचारा डबा खाल्ला होता का.

शी काळी होते, घाबरू नका. पण डांबरासारखी चिकट, घाण वासाची आणि सोबत चक्कर असेल तर तो रक्तस्राव असू शकतो, त्याच दिवशी दाखवा.

५. बाकीची मंडळी, पटापट

झिंक: भरल्या पोटी. आयर्नबरोबर एकाच वेळी नको.

व्हिटॅमिन सी: चघळायची ५०० ची एक गोळी पुरे झाली. दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या वर गेलात की मळमळ आणि जुलाब. फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियम असतं, बीपीवाल्यांनी रोजचं सरबत करू नका.

कॅल्शियम: कार्बोनेट असेल तर जेवणासोबत, सायट्रेट असेल तर कधीही. एका वेळी ५०० च्या वर नको. आणि थायरॉइडच्या गोळीत आणि कॅल्शियम किंवा आयर्नमध्ये चार तास. आई दोन्ही एकाच घोटात घ्यायची, आता थायरॉइड पहाटे आणि कॅल्शियम दुपारी जेवताना.

मॅग्नेशियम: ऑक्साइडने पोट सुटतं, ग्लायसिनेट त्यामानाने सौम्य.

ओमेगा: हे माशाचं तेल, त्यामुळे माशाचे ढेकर येतात. जेवणाच्या सुरुवातीला घ्या, कॅप्सूल फ्रीजमध्ये ठेवा. मुंबईच्या दमट हवेत ओट्यावरच्या डब्यातल्या कॅप्सूल एकमेकींना चिकटतात आणि तेल खवट होतं. एक फोडून वास घ्या, उग्र खवट वास आला तर डबा टाकून द्या, घासाघीस नको.

बी कॉम्प्लेक्स: पिवळीधमक लघवी बी२ मुळे, काळजी नको. वासानेच मळमळत असेल तर जेवणाच्या मधोमध घ्या. नायसिन (बी३) जास्त असेल तर चेहरा लाल होतो, अंग गरम लागतं.

मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) नवीन सुरू झालं असेल तर मळमळ त्याचीही असू शकते, उगाच मल्टिव्हिटॅमिनला बदनाम करू नका.

६. जिमवाल्यांसाठी

व्हे प्यायल्यावर पोट फुगतं आणि मळमळतं, तर आधी विचार करा, साधं ग्लासभर दूध पचतं का? नसेल पचत तर लॅक्टोजचा प्रश्न. व्हेच्या दोन प्रकारांपैकी कॉन्सन्ट्रेटमध्ये लॅक्टोज (दुधातली साखर) जास्त, आयसोलेटमध्ये बरंच कमी. पाण्यात करा, अर्धा स्कूप, आणि घटाघटा नको.

प्री-वर्कआउटचा, म्हणजे व्यायामाआधी घ्यायच्या पावडरचा डबा तर नीटच वाचा. एका स्कूपमध्ये २०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त कॅफिन असतं, ते उपाशीपोटी मारून लगेच स्क्वॉट्स, मग जिमच्या बाथरूममध्ये ओकाऱ्या. मुंग्या आल्या तर ते बहुधा त्या पावडरमधलं बीटा अॅलनिन. 'प्रोप्रायटरी ब्लेंड' असं लिहून आतले आकडे लपवलेले असतील तर माझ्या मते ती पावडर घेऊच नये, भले भाचा माझ्याशी बोलत नाही त्यावरून.

७. डी३, हे मात्र चेष्टेवारी नेऊ नका

६०,००० युनिटची सॅशे किंवा कॅप्सूल ही आठवड्यातून एकदा असते, सहसा काही आठवड्यांचा कोर्स. आपल्याकडे दोन गोष्टी होतात. एक, चिठ्ठीवरचं अक्षर कळत नाही आणि माणूस ती रोज घेतो. दोन, कोर्स संपतो पण केमिस्ट जुन्या चिठ्ठीवर देत राहतो आणि हे वर्षानुवर्षं चालू. डी चरबीत साठतं, सी सारखं लघवीवाटे निघून जात नाही. फार साठलं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, आणि त्याची सुरुवातच मळमळ, भूक मरणं, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी, थकवा अशी होते. घरच्यांना वाटतं पित्त झालंय, वयोमानाने होतं. पुढे किडनीवर येतं.

गोळी कधी घेतली त्याच्याशी या मळमळीचा संबंध नसतो, आणि गोळी बंद केली तरी ती लगेच जात नाही, आठवडे लागतात. शंका आली तर डी३ आणि कॅल्शियम असलेलं सगळं थांबवा आणि डॉक्टरांना सांगून सिरम कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि डी३ लेव्हल करून घ्या. वयस्कर आई-वडिलांच्या डब्यात आठवड्याच्या कॅप्सूलवर मार्करने वार लिहा. आमच्याकडे 'रवि' लिहिलंय, ती आईने सोमवारी मागितली तरी मिळत नाही.

व्हिटॅमिन ए पण असंच साठणारं. गरोदर बायकांनी जास्त डोसचं ए अजिबात नाही.

८. 'आयुर्वेदिक आहे, काही होत नाही'

होतं. अश्वगंधाने पोट बिघडतं, मळमळ होते. अश्वगंधा, हळदीचा अर्क (खास करून काळ्या मिरीच्या पिपेरिनसकट) आणि ग्रीन टीचा अर्क यांनी लिव्हरला सूज आल्याच्या केसेस नोंदल्या गेल्या आहेत. प्रमाण कमी आहे, पण आमटीतली हळद आणि कॅप्सूलमधला अर्क यात डोसचा फरक केवढा ते डब्यावर वाचा. मळमळीसोबत डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, उजव्या बरगडीखाली दुखणं यातलं काहीही दिसलं की सगळ्या कॅप्सूल बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर.

९. एका वेळी एकच बदल

वेळही बदलली, ब्रँडही बदलला, डोसही अर्धा केला आणि मळमळ थांबली, तर कशाने थांबली? कळणार नाही. डॉक्टरांनी न दिलेलं, स्वतःच्या मनाने सुरू केलेलं सगळं आधी आठवडाभर बाजूला ठेवा. मग एकेक परत आणा, प्रत्येकामध्ये तीन-चार दिवस. पावसाळ्यात हा प्रयोग करत असाल तर बाहेरची पाणीपुरी तेवढे दिवस राहू दे, नाहीतर दोष भलत्यालाच.

यातली निम्मी मंडळी परत आणावीशी वाटणारच नाहीत. मला वाटली नाहीत.

१०. कधी थांबायचं आणि कुठे जायचं

सारख्या उलट्या, पाणीसुद्धा टिकत नाही, उलटीत रक्त, काळी चिकट शी, छातीत दुखणं, गोंधळल्यासारखं बोलणं, पिवळेपणा: यात वहीबिही काही नाही, सरळ कॅज्युअल्टी. लहान मुलाने आयर्नच्या गोळ्या खाल्ल्या असतील तर तो बरा दिसत असला तरी लगेच न्या, आयर्नच्या विषबाधेत मधे काही तास मूल ठीक वाटतं आणि मग बिघडतं. घरी मुद्दाम उलटी काढायला जाऊ नका. स्ट्रिप सोबत घ्या, किती गोळ्या कमी आहेत ते मोजा. अॅम्ब्युलन्सला १०८.

घाई नसेल तर फॅमिली डॉक्टर, नाहीतर जवळचा पालिकेचा 'आपला दवाखाना'. केईएम, सायन, नायर या ओपीडींत जाणार असाल तर केसपेपरसाठी लवकर पोचा आणि बेरजेचा कागद वर ठेवा, डॉक्टरांकडे तुमच्यासाठी मोजून काही मिनिटं असतात, त्यात दहा डबे उलगडत बसलात तर मूळ प्रश्न राहूनच जातो.

डब्यात गडबड वाटली, सील तुटलेलं, पावडरचा रंग-वास बदललेला, तर एफएसएसएआयच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट'वर तक्रार टाका किंवा बीकेसीतल्या एफडीएकडे (राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे) द्या, बिल आणि बॅचचा फोटो लागतो. औषधाच्या किंवा हर्बल गोळीच्या त्रासाची नोंद सरकारच्या फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणाऱ्या) कार्यक्रमाकडे आपण स्वतःही करू शकतो, टोल फ्री १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी. पेशंटसाठीचा फॉर्म मराठीतही मिळतो, त्यात गोळीचं नाव, कधी सुरू केली, त्रास कधी सुरू झाला, गोळी बंद केल्यावर थांबला का असंच सगळं विचारतात.